पहिलीचा प्रवेश: गावातली जिल्हा परिषद शाळा की बसने जायची इंग्रजी शाळा?

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका गावातले दांपत्य फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या दोन मुलांच्या शाळेचा प्रश्न घेऊन माझ्याकडे आले. मी जिल्हा परिषदेच्या सेवेत आधी शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून काम केलेले असल्यामुळे माझे मत कोणत्या बाजूला झुकेल याची त्यांना कल्पना होती, आणि वाचकांनीही ती ठेवावी. ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि माणसे यांची नावे येथे दिलेली नाहीत.

वडिलांचे तालुक्याच्या रस्त्यावर मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरींच्या मोटारी जळतात तेव्हा हातात पैसा येतो आणि पावसाळ्यात दुकान ओस पडते, तरी वर्षाची सरासरी काढल्यास महिन्याला सुमारे ३२,००० रुपये सुटतात. आई बारावी झालेली असून घरी ब्लाउज शिवते. मोठी मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत होती. धाकटा मुलगा नऊ किलोमीटरवरच्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत सिनिअर केजीत होता आणि जूनमध्ये पहिलीत जाणार होता. म्हणजे एकाच घरातून सकाळी एक मूल पायी आणि दुसरे पिवळ्या बसने शाळेला जात होते. मुलाला ताईबरोबर गावच्या शाळेत घालावे, की मुलीलाही बसमध्ये बसवावे, असा त्यांचा प्रश्न होता. आहे तसे चालू ठेवणे हा तिसरा पर्याय होता, पण तो त्यांनी बोलून दाखवला नाही.

हे दोन रस्ते कसे पडले

हा दुहेरी कारभार कोणी ठरवून केलेला नव्हता. मुलगी तीन वर्षांची झाली तेव्हा तिलाही याच खासगी शाळेच्या नर्सरीत घातले होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, दुकान बंद पडले आणि बंद शाळेची फी कशासाठी भरायची असा प्रश्न उभा राहिला. तिचे नाव काढले गेले आणि २०२२ च्या जूनमध्ये ती गावातच पहिलीत दाखल झाली. देशभर हेच घडत होते. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणानुसार ६ ते १४ वयोगटातील सरकारी शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. संकटात सरकारी शाळेकडे आलेली कुटुंबे हातात पैसा खेळू लागताच परत गेली, असाच याचा अर्थ मी लावतो.

मुलाच्या वेळी परिस्थिती निराळी होती. तो साडेतीन वर्षांचा झाला तेव्हा अंगणवाडीसेविकेकडे पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी आणि मोबाइलवर भरायची माहिती एवढे काम होते की मुलांना शिकवण्यासाठी तिच्या वाट्याला फार थोडा वेळ उरत असे. जिल्हा परिषदेची शाळा पहिलीपासून सुरू होते. त्याआधीच्या तीन वर्षांत पालकांसमोर एक अंगणवाडी आणि दारात हॉर्न वाजवणारी बस एवढेच दोन पर्याय असतात. सहाव्या वर्षी पालक शाळा निवडतात असे आपण धरून चालतो, पण ग्रामीण भागात बहुतेकांची निवड तिसऱ्या-चौथ्या वर्षीच होऊन गेलेली असते आणि पहिलीचा प्रवेश हे केवळ तिचे नूतनीकरण असते. सरकारी शाळांचा पट, म्हणजे विद्यार्थीसंख्या, का घटतो यावर आमच्या केंद्रसंमेलनांत पुष्कळ चर्चा होत असे, पण ती बहुधा शिक्षकांच्या गुणवत्तेभोवतीच फिरत राही आणि या तीन वर्षांकडे कोणाचे लक्ष जात नसे.

खर्चाचा ताळा

वडिलांनी पहिलीची फी सांगितली ती २४,००० रुपये. छापील पत्रकात तेवढीच होती. मग आम्ही घरातल्या पावत्या काढून बसलो. बसचे महिन्याला हजाराप्रमाणे दहा महिन्यांचे १०,००० रुपये, शाळेतूनच घ्यावी लागणारी पुस्तके व वह्या ४,८००, रोजचा आणि शनिवारचा असे दोन गणवेश बुटांसह ३,६००, ‘अॅक्टिव्हिटी’ आणि स्नेहसंमेलनाचे मिळून २,५००, आणि शिकवणीचे महिना ५०० प्रमाणे ५,००० असे सर्व धरून बेरीज ४९,९०० रुपये झाली. छापलेल्या फीच्या दुपटीहून ती थोडी अधिक होती. दोन्ही मुलांचे धरल्यास ९९,८००, म्हणजे वर्षाच्या कमाईतला चौथा हिस्सा किंवा किंचित जास्त. तुलनेसाठी सांगायचे तर केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात सरकारी शाळेतील विद्यार्थ्यामागे कुटुंबाचा वार्षिक खर्च देशात सरासरी २,८६३ रुपये आणि बिगरसरकारी शाळेतील विद्यार्थ्यामागे २५,००२ रुपये आढळला आहे. मुलीवर या घराचा खर्च दप्तर, चपला आणि जादा वह्या मिळून तीन हजारांच्या आसपास होता. पुस्तके बालभारतीची, गणवेश आणि दुपारचे जेवण शाळेतून मिळत होते.

या यादीतली शिकवणी मला सर्वांत महत्त्वाची वाटली, कारण तिचे मूळ माध्यमातच आहे. मुलाच्या डायरीत ‘एक ते पन्नास आकड्यांची इंग्रजी स्पेलिंगे पाठ करणे’ असा गृहपाठ होता. आई बारावी असूनही ‘फॉर्टी’मध्ये ‘यू’ असतो की नसतो याबद्दल साशंक होती. म्हणून मुलगा संध्याकाळी गल्लीतल्या एका मुलीकडे जाई आणि ती शाळेत इंग्रजीतून सांगितलेले सर्व त्याला मराठीत समजावून सांगे. इंग्रजी माध्यमाचे पैसे भरायचे आणि त्याचे मराठी करून घेण्यासाठी पुन्हा वेगळे पैसे मोजायचे, असा हा व्यवहार होता. मुलीचा अभ्यास मात्र आई शिवणयंत्रावर बसल्या बसल्या घेत असे.

शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के मोफत राखीव जागांचा विचार आम्ही केला आणि थोडक्यात सोडला. खुल्या प्रवर्गातील कुटुंबाला त्यासाठी एक लाख रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि नऊ किलोमीटर हे अंतरही सोडतीत टिकणारे नव्हते. या तरतुदीची एक गोष्ट मात्र येथे सांगण्यासारखी आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने अधिसूचना काढून ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि १९ जुलै रोजी ती रद्द केली. मधल्या काळात याच योजनेत पालकांना बहुतांशी सरकारी आणि अनुदानित शाळाच मिळणार होत्या, तेव्हा अर्जांची संख्या कमालीची घसरली. सरकारी शाळा मोफतच असताना तिच्यासाठी अर्ज कोण करील, हे त्याचे सरळ कारण आहे. पण सवलत मिळाली तर आपण कोणत्या शाळेत जाऊ, याचे पालकांनी दिलेले ते उत्तरही होते आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही.

दोन वर्ग

दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी वर्गांत बसलो. गावच्या शाळेत पहिली ते चौथीचा पट तिशीच्या आत आला होता आणि शिक्षक दोन होते. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्यातले प्रमाण असल्यामुळे कागदावर शाळा पूर्ण होती. प्रत्यक्षात दोन शिक्षकांत चार इयत्ता म्हणजे एका खोलीत कायम दोन वर्ग. गुरुजी चौथीला भागाकार शिकवत असताना तिसरीची मुले उतारा लिहीत होती, आणि ते तिसरीकडे वळले की चौथीतली दोन मुले खिडकीतून बाहेर पाहू लागत. तासाभरात गुरुजींचा फोन तीनदा वाजला. एकदा तालुक्याहून कसलीशी माहिती ‘आजच्या आज’ भरायची होती आणि एकदा पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब हवा होता. यातले काहीच मला नवे नव्हते. नोकरीत असताना असे फोन मीही केलेले आहेत.

तिसरीच्या मुलांना मी एक अनोळखी गोष्ट वाचायला दिली. बहुतेकांनी ती अडखळत किंवा न अडखळता वाचली, आणि या घरातल्या मुलीने वाचून झाल्यावर गोष्टीतल्या म्हाताऱ्याने कोंबडी विकायला नको होती, अंडी विकून त्याचे भागले असते, असे मत दिले. मागच्या रांगेतला एक मुलगा मात्र ‘म्हातारा’ या शब्दापाशी थांबला तो थांबलाच. त्याला सुटी अक्षरे येत होती, जोडाक्षर आले की तो गप्प होई. दोन वर्गांत वाटल्या गेलेल्या शिक्षकाच्या हातून असे मूल निसटते. या शाळेत शिकवलेले शिकणारी मुले उत्तम शिकतात, पण मागे पडलेल्याला हात देऊन वर काढायला माणूस नाही. हातचा घ्यावा लागणाऱ्या वजाबाकीतही निम्म्या वर्गाने गोंधळ घातला.

खासगी शाळेतला पहिला फरक दारातूनच जाणवतो. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षिका, तासाला घंटा, आणि एखादी शिक्षिका आली नाही तर लगेच दुसरी वर्गावर हजर. पालकांना दिसणारी ही शिस्त खरी आहे आणि तिला दिखावा म्हणून मोडीत काढणे हा आमच्या बाजूच्या माणसांचा जुना दोष आहे. तिसरीत चाळीसच्या वर मुले होती. त्यांनी इंग्रजी उतारा खणखणीत आवाजात वाचला. शेतकरी बैल घेऊन शेतावर जातो अशा अर्थाचे वाक्य एका मुलाने बिनचूक वाचले, तेव्हा मी त्याला मराठीतून विचारले, ‘शेतकरी कुठे गेला?’ तो शिक्षिकेकडे पाहू लागला. वाचलेल्याचा अर्थ स्वतःच्या भाषेत सांगू शकणारी मुले त्या वर्गात थोडीच निघाली, आणि मराठी उतारा दिल्यावर जोडाक्षरांपाशी अनेकांची तीच अवस्था झाली जी गावच्या शाळेत मागच्या रांगेतल्या एका मुलाची झाली होती. गणितात मात्र ही मुले सरस होती. वजाबाकी बहुतेकांची बरोबर आली. रोज एक तास, एक शिक्षिका आणि वहीभर सराव यांचा तो परिणाम असावा.

त्याच वर्गावर त्या वर्षात ती तिसरी शिक्षिका होती. आधीच्या दोघींपैकी एकीचे लग्न झाले आणि दुसरी शिक्षकभरतीत निवड होऊन गेली. येथे शिकवणाऱ्या बहुतेक मुली डी. एड. किंवा बी. एड. झालेल्या, महिन्याला आठ-नऊ हजारांवर काम करणाऱ्या आणि पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरील पुढच्या फेरीची वाट पाहणाऱ्या आहेत. जिल्हा परिषदेत शिक्षणसेवकालाही २०२३ पासून १६,००० रुपये मानधन मिळते आणि तीन वर्षांनी पूर्ण वेतनश्रेणी लागू होते, तेव्हा त्यांनी वाट पाहणे साहजिक आहे. खासगी शाळेची चांगली शिक्षिका ही अशा रीतीने पुष्कळदा उद्याची सरकारी शिक्षिका असते.

आणखी एक गोष्ट फाटकावरच्या फलकावर होती. ‘सीबीएसई पॅटर्न’ असे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते. मान्यतापत्र मागून पाहिले तर शाळा राज्य शासनाच्या मान्यतेची, स्वयंअर्थसहाय्यित (म्हणजे शासनाच्या अनुदानाविना चालणारी) आणि आठवीपर्यंतची निघाली. केंद्रीय मंडळाशी तिची संलग्नता नव्हती; खासगी प्रकाशकांची पुस्तके वापरणे एवढाच त्या ‘पॅटर्न’चा अर्थ होता. वडिलांना हे ठाऊक नव्हते. संलग्न शाळेला मंडळाकडून क्रमांक मिळालेला असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, हे मी त्यांना दाखवले.

आंध्रातला एक मोठा पुरावा

एका गावातल्या दोन वर्गांवरून निष्कर्ष काढण्यात धोका असतो, म्हणून मी त्यांना आंध्र प्रदेशातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितले. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ पासून तेथील १८० गावांत सोडत काढून सरकारी शाळांतल्या काही मुलांना खासगी शाळेची फी देऊ केली आणि चार वर्षांनी सोडत लागलेल्या व न लागलेल्या मुलांची तुलना केली. आर्थिक स्थिती आणि घरचे वातावरण यांचा फरक सोडतीमुळे आपोआप गळून पडतो. एरवी खासगी शाळेतली मुले पुढे दिसतात तेव्हा त्यात शाळेचे श्रेय किती आणि घराचे किती हे सांगता येत नाही. तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत खासगी शाळांतली मुले बरीच पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी जवळजवळ शिकवलीच जात नव्हती. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता.

या निष्कर्षाचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही पक्ष आपापल्या सोयीचा तेवढा उचलतात. शासनाच्या दृष्टीने पाहिले तर खासगी शाळा तेच काम कमी पैशांत करतात, आणि हे सरकारी यंत्रणेला लाजिरवाणे आहे. पालकाच्या दृष्टीने चित्र उलटे आहे, कारण सरकारी शाळेचा खर्च त्याच्या खिशातून थेट जात नाही. तो जादा पैसे मोजतो आणि वाचन-गणितात त्याच्या मुलाच्या पदरात जादा काही पडत नाही. आंध्रातली ती शाळा आणि आपल्या तालुक्यातली ही शाळा एक नव्हे, पण माझ्यासमोर बसलेल्या दांपत्याचा प्रश्न पालकाचा होता, शासनाचा नव्हता.

आईचा आक्षेप

आईने हे सर्व शांतपणे ऐकले आणि मग विचारले, ‘सर, तेवीस साली काय झालं होतं ते विसरलात का?’

विसरण्यासारखे ते नव्हते. मे २०२३ च्या ऑनलाइन बदल्यांत गावच्या शाळेतल्या अनुभवी बाई गेल्या आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. जून २०२३ पासून मार्च २०२४ पर्यंत एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळत होते. ते केंद्रात बैठकीला गेले की शाळा अंगणवाडीच्या भरवशावर असे. मुलगी त्या वर्षी दुसरीत होती. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. ही आई त्यांतलीच एक. तिने आणि इतर पालकांनी पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांना दोनदा निवेदन दिले, ‘भरती होईल तेव्हा देऊ’ हे उत्तर घेऊन ते परत आले, आणि शेवटी ग्रामपंचायत व लोकवर्गणीतून गावातल्याच एका डी. एड. झालेल्या मुलीला महिना चार हजारांवर वर्गावर उभे केले. मार्च २०२४ मध्ये भरतीतून शिक्षणसेवक आले तेव्हा शैक्षणिक वर्ष संपत आले होते. तिसरीतला तो जोडाक्षरांपाशी थांबणारा मुलगा त्याच वर्षाचा बळी आहे, असे मला वाटते. या मुलीचे नुकसान झाले नाही, कारण तिची आई रोज तिच्याकडून वाचून घेत होती.

म्हणून आईचा मुद्दा असा होता की गावची शाळा आज चांगली आहे ती आजच्या दोन शिक्षकांमुळे, आणि ते दोघे उद्या असतील याची हमी कोणी देत नाही. खासगी शाळेत शिक्षिका बदलतात, पण वर्ग रिकामा राहत नाही. सबंध चर्चेत याहून वजनदार मुद्दा निघाला नाही. मी तिला सांगितले की २०२३-२४ ची परिस्थिती आणखी एक वर्ष चालली असती तर मुलीला बसमध्ये बसवा, असा सल्ला मी स्वतःच दिला असता. सरकारी शाळा चांगली की खासगी, या प्रश्नाला जागा भरलेली असताना एक उत्तर आहे आणि जागा रिक्त असताना दुसरे.

तिने आणखीही काही सांगितले. त्यांच्या वस्तीवरची जवळजवळ सगळी मुले बसने जातात, त्यामुळे संध्याकाळी मुलीला खेळायला कोणी नसते. भावकीत ‘कुठल्या शाळेत?’ असे विचारले की उत्तर देताना आवाज खाली येतो. यावर हसणे सोपे आहे, पण गावात राहणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते आणि ती हिशेबाच्या वहीत येत नाही.

तिसरी शाळा

यानंतरची चर्चा वळली ती वडिलांच्या एका प्रश्नाने. आठवीनंतर बसच्या शाळेतली मुले कुठे जातात, असे त्यांनी विचारले. उत्तर त्यांच्या दुकानासमोरच होते. तालुक्याच्या गावी एक जुने अनुदानित हायस्कूल आहे, पाचवी ते बारावीचे, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारे सेमी इंग्रजीचे वर्ग असलेले. बसच्या शाळेतली बहुतेक मुले नववीला तेथेच येतात. गावच्या शाळेतली मुले पाचवीलाच तेथे येतात. दोन्ही वाटा शेवटी एकाच वर्गात मिळतात, फक्त एका वाटेवर आठ वर्षे फी भरलेली असते.

खासगी विरुद्ध सरकारी हा वाद महाराष्ट्रात नेहमीच थोडा चुकीचा मांडला जातो, आणि त्याचे कारण ही तिसरी शाळा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली त्या परंपरेतल्या शाळा व्यवस्थापनाने खासगी आणि शिक्षकांच्या पगाराने सरकारी असतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना मॅट्रिकपर्यंत नेले ते मुख्यतः अशाच शाळांनी. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाल्यावर ‘खासगी’ म्हणताच लोकांच्या डोळ्यांपुढे पिवळी बस उभी राहू लागली आणि अनुदानित शाळा कोणत्याच रकान्यात बसेनाशी झाली.

इंग्रजीची भीती निराधार नाही. अकरावी विज्ञानाला मराठी माध्यमाचे मूल पहिले सहा महिने चाचपडते, हे मी घरातल्या मुलांतही पाहिले आहे. पण त्यावर पाचवीपासूनचे सेमी इंग्रजी हा पुरेसा उपाय आहे, अट एवढीच की तोवर मुलाला आपल्या भाषेत वाचून समजत असले पाहिजे. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय २००० सालापासून आहेच. तो किती शिकवला जातो हे त्या त्या शिक्षकावर ठरते.

माझा सल्ला मी स्पष्ट शब्दांत दिला. मुलीला हलवू नये, पाचवीला हायस्कूलच्या सेमी इंग्रजीत घालावे. मुलालाही जूनमध्ये गावच्या शाळेत पहिलीत आणावे आणि वाचतील त्या पैशांतून थोडे इंग्रजीच्या गोष्टींच्या पुस्तकांवर व गणिताच्या सरावावर खर्च करावे, उरलेले मुलांच्या नावावर ठेवावे. गावच्या शाळेत पुन्हा जागा रिक्त झाली आणि दिवाळीपर्यंत भरली नाही तर हा सल्ला रद्द समजावा.

काय ठरले

अर्धाच सल्ला मान्य झाला. मुलगी गावच्या शाळेतच राहिली आणि वडिलांनी तिच्या सुकन्या समृद्धी खात्यात दरमहा २,००० रुपये भरायला सुरुवात केली. मुलाचे नाव मात्र आईने खासगी शाळेतून काढू दिले नाही. तीन वर्षांचे मित्र तुटतील, तो ताईसारखा शांत बसणारा नाही, त्याला एका वर्गाची एक बाईच लागेल, अशी कारणे तिने दिली. ती खोटी नव्हती. तरीही मी तिला विचारले, की मुलगा मोठा आणि मुलगी धाकटी असती तर बसमध्ये कोण असते? तिने उत्तर दिले नाही. वडील म्हणाले, ‘तसं काही नाही हो सर.’ तसे काही नसेलही. टाळेबंदीचा योगायोग माझ्यासमोर होता. पण नोकरीत असताना ज्या ज्या गावात मी घरोघरी पटनोंदणी केली तेथे भाऊ इंग्रजीत आणि बहीण झेडपीत अशी घरे मला सारखी भेटली, उलटी क्वचितच, आणि प्रत्येक घराकडे आपापले वेगळे कारण तयार होते.

जून २०२५ मध्ये मुलगा पहिलीत गेला. ऑगस्टमध्ये शाळेने ‘डिजिटल क्लासरूम’चे १,५०० रुपये मागितले. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावा लागतो आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षे बदलता येत नाही. हे कळल्यावर वडिलांनी समितीच्या सदस्यांची यादी मागितली. यादीत त्यांच्या ओळखीचे एक नाव निघाले. त्या गृहस्थांना आपण समितीवर असल्याचे तेव्हाच समजले. पुढे चार-पाच पालकांनी मिळून अर्ज दिला आणि ती रक्कम ‘ऐच्छिक’ झाली. गावच्या शाळेत आई निवेदन घेऊन जाते आणि बसच्या शाळेत वडील अर्ज घेऊन जातात. शाळा फुकटची असो वा पैशांची, पालकाचा पाठपुरावा कोठेच सुटलेला नाही.

दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलीने मला चौथीच्या पुस्तकातला एक धडा वाचून दाखवला आणि भागाकाराची दोन गणिते चुकवली. मुलगा इंग्रजी शब्द ओळखू लागला होता. मराठी मुळाक्षरे त्याला ताई तिच्या जुन्या बालभारतीवरून शिकवत होती, आणि त्याच्या पुस्तकातल्या इंग्रजी कविता तिने पाठ केल्या होत्या. शिकवणी चालूच होती.

जून २०२६ साठी मुलीचा हायस्कूलचा प्रवेश पक्का आहे. मुलाचे ठरलेले नाही. दुसरीत त्याला गावच्या शाळेत आणायचे तर खासगी शाळेने दाखला द्यायला उशीर केला तरी अडचण नाही, कारण दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अडचण आहे ती पटाची. मुलगी आणि तिच्या वर्गातली मुले बाहेर पडल्यावर गावच्या शाळेत किती मुले उरतील आणि ३० सप्टेंबरच्या पटावर किती शिक्षक मंजूर राहतील, हे गुरुजींनाही सांगता येत नाही. आईने त्यांना सांगून ठेवले आहे की पहिलीला किमान आठ नवीन मुले दाखल झाली तर तिचा मुलगा नववा असेल. सध्या तीन नावे आली आहेत, आणि एप्रिलमध्ये ती स्वतः गुरुजींबरोबर वस्तीवर पटनोंदणीला जाणार आहे.